शांती : एक जोडविषय

शांती हा कॉलेजात शिकायचा विषय असतो, हे मला ईशज्ञानाचा डिप्लोमा करताना ठाऊक नव्हते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील मँचेस्टर कॉलेजने तो १९४८ साली सुरू केला, ग्लॅडिस म्यूर या प्राध्यापिकेच्या पुढाकाराने. कॉलेज ब्रेदरन मंडळीचे. आपल्या डहाणूत दवाखाना उभारणारे मिशन त्यांचेच. मुख्य विषय विज्ञान असो वा हिशेब, सोबत हा जोडविषय घेता येतो : भांडण कशातून उद्भवते, अहिंसेने कसे लढावे, न्याय कुठे मागावा.

हे शेवटचे मला हवे होते. ग्रामसभेने वनहक्काचा दावा नाकारला की मी पाड्यावर प्रार्थना करायचो, ‘शांत राहा’ म्हणायचो. उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत अपील करता येते, हे कळेपर्यंत एका कुटुंबाची मुदत टळली होती.