टायगर वुड्सचे ८१ फटके

गोल्फचे मैदान आपल्यापैकी बहुतेकांनी कुंपणाबाहेरूनच पाहिलेले असते. तरीही २० जुलै २००२ रोजी स्कॉटलंडमधील म्युरफील्ड येथे जे घडले, ते पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

टायगर वुड्स त्या वर्षी चार प्रमुख स्पर्धांपैकी पहिल्या दोन जिंकून येथे आला होता. एकाच वर्षात चारही जिंकण्याची त्याला संधी होती. पहिल्या दोन फेऱ्या त्याने ७० व ६८ फटक्यांत संपवल्या. (या खेळात फटके जितके कमी तितके चांगले, म्युरफील्डला ७१ अपेक्षित असतात.) शनिवारी दुपारी गार वारा व पाऊस सुरू झाला आणि वुड्सला तब्बल ८१ फटके लागले! व्यावसायिक खेळाडू झाल्यापासून त्याने ऐंशीचा आकडा कधीच गाठला नव्हता.

हात तेच, काठ्या त्याच. मग बिघडले कोठे?

याचा धागा जवळच्याच एडिंबरो विद्यापीठात सापडतो. तेथील प्राध्यापक पी. जी. टेट यांचा मुलगा फ्रेडी नामांकित गोल्फपटू होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधून फटका मारावयास लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. उडणारा चेंडू उलट्या दिशेने भराभर गिरक्या घेतो, असे दिसले. या गिरकीमुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार चेंडू वर उचलला जातो. शांत हवेत या उचलीमुळेच तो इतका लांब जातो.

आता वारा समोरून येऊ द्या. चेंडूचा वेग सेकंदाला ७० मीटर व वाऱ्याचा १५ मीटर धरू. हवेच्या सापेक्ष चेंडूचा वेग ८५ मीटर झाला. हवेचा रोध साधारणपणे या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे तो सुमारे १.४७ पट होतो. उचलही वाढते. चेंडू पतंगासारखा वर चढतो, रेंगाळतो आणि जवळच पडतो. वारा पाठीमागून असेल तर सापेक्ष वेग ५५ मीटर आणि रोध ०.६२ पट. एकीकडे रोध ४७ टक्क्यांनी वाढतो, दुसरीकडे ३८ टक्क्यांनीच घटतो! वारा जेवढे नेतो तेवढे परत देत नाही.

अशा वेळी नवशिका जोर लावतो. जोराने गिरकीही वाढते आणि चेंडू आणखीच वर जातो. जाणते खेळाडू लांब पल्ल्याची काठी घेऊन हलकेच मारतात, म्हणजे चेंडू खालून जातो. वुड्सला हे ठाऊक नव्हते थोडेच! पण पावसाचे पाणी काठीच्या पात्यावर साचले की घर्षण बदलते आणि एकसारख्या दोन फटक्यांनाही सारखी गिरकी मिळेलच असे नाही. मला वाटते, खरी पंचाईत येथेच आहे.

रविवारी हवा निवळली. त्याच मैदानावर वुड्सने ६५ फटक्यांत फेरी पूर्ण केली. चौघांची बरोबरी झाल्यावर जादा खेळात एर्नी एल्स विजयी झाला. वुड्स त्या चौघांच्या मागे होता अवघ्या सहा फटक्यांनी.