जुन्या व्हिडिओ खेळांचा जमाखर्च

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलाला घरी व गल्लीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. “काय रे, व्यापार शिकतोस ना? मग आजवर काही विकलेस का?” माझ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते मिळावे म्हणून म्हणा, किंवा खिशात चार पैसे खुळखुळावेत म्हणून म्हणा, २०२४ च्या जूनमध्ये मी एक छोटासा जोडधंदा सुरू केला. वापरलेल्या व्हिडिओ खेळांच्या डिस्का विकत घ्यावयाच्या आणि इंटरनेटवर जाहिरात देऊन पुन्हा विकावयाच्या. या धंद्यात मी काय मिळविले, काय गमावले आणि वर्गात पाठ केलेली कोणकोणती कलमे मला रस्त्यात भेटली, हे येथे सांगण्याचा विचार आहे. माझ्यासारख्या एखाद्याला असे काही करावेसे वाटले, तर त्याच्या एक-दोन ठेचा वाचाव्यात, एवढाच हेतू.

प्रथम धंदा समजावून घेऊ. प्लेस्टेशन ४ हे यंत्र २०१३ साली जगाच्या बाजारात आले व प्लेस्टेशन ५ हे २०२० साली. नव्या यंत्राच्या मोठ्या खेळाची नवी डिस्क चार-पाच हजारांना पडते. आमच्या वयाच्या मुलाला एवढी रक्कम परवडत नाही. दुसरीकडे, ज्याने ती घेतली त्याचा खेळ महिन्या-दोन महिन्यांत खेळून संपतो आणि डिस्क कपाटात पडून राहते. एकाकडे नको असलेली वस्तू आहे, दुसऱ्याला तीच हवी आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणे व मधला धोका स्वतःच्या अंगावर घेणे, हेच जुन्या मालाच्या व्यापाऱ्याचे काम. नफा मिळतो तो या धोक्याचा मोबदला म्हणून.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला खेळ असा विकता येत नाही. तो घेणाऱ्याच्या खात्याशी बांधलेला असतो. विकता येते ती हातात धरता येणारी डिस्कच. प्लेस्टेशन ५ चा एक प्रकार तर डिस्कची खाचच नसलेला आहे. म्हणून गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारतो, “तुमच्या यंत्राला डिस्क घालता येते ना?” खाच असेल तर जुन्या यंत्राच्या बहुतेक सर्व डिस्का नव्या यंत्रावरही चालतात.

माझे भांडवल सहा हजार रुपये. शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन ते जमविले होते. मावसभावाबरोबर भागीत घेतलेले एक जुने प्लेस्टेशन ४ घरात होते, त्यामुळे माल तपासण्याची सोय होती. दुकान म्हणजे हातातील फोन. जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर जाहिरात द्यावयाची, काही व्हॉट्सॲप गटांत कळवावयाचे, आणि पैसे यूपीआयने परस्पर घ्यावयाचे. बेळगावचा मुलगा असल्याचा येथे मोठाच उपयोग झाला. टिळकवाडीचे गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करते, धारवाडचे “स्वल्प कडिमे माडि” म्हणते, आणि ‘थोडे कमी करा’ या मागणीला मला दोन्ही भाषांत नाही म्हणता येते.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मी १४ डिस्का १२,६०० रुपयांना खरेदी केल्या. त्यांतील नऊ विकल्या व त्यांचे १०,३५० रुपये आले. या नऊ डिस्कांची खरेदी किंमत ७,९०० रुपये होती. म्हणजे २,४५० रुपये नफा! मी मोठ्या ऐटीत हा आकडा आजोबांना सांगितला. आजोबांनी शहापुरातील एका साडीच्या दुकानात तीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “रोजकीर्द कुठे आहे?” रोजकीर्द नव्हती. फोनमध्ये काही नोंदी होत्या, काही डोक्यात होत्या.

दोन संध्याकाळी बसून आम्ही हिशेब लिहून काढला. टपाल, पेट्रोल, वेष्टनाचे कागद व खोकी यांचा खर्च ८४० रुपये निघाला. हा मी धरलाच नव्हता. नफा १,६१० वर आला. मग आजोबांनी शिल्लक माल विचारला. पाच डिस्का, खरेदी किंमत ४,७०० रुपये. त्यांत फुटबॉलच्या ‘एफसी २४’ या खेळाच्या तीन डिस्का होत्या. ऑगस्टमध्ये प्रत्येकी १,१०० रुपयांना घेतलेल्या. फुटबॉलच्या या खेळाची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ‘एफसी २५’ आला आणि माझ्या डिस्कांना पाचशेच्या वर कोणी विचारीना. शिल्लक मालाचे मूल्य खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांपैकी जे कमी असेल ते धरावे, हा नियम मी परीक्षेत अचूक लिहिला होता व त्याचे गुणही मिळविले होते. स्वतःच्या मालाला तो लावण्याची बुद्धी मात्र झाली नव्हती. तीन डिस्कांमागे प्रत्येकी सहाशे, म्हणजे १,८०० रुपयांची घट. १,६१० मधून १,८०० वजा गेले. चार महिन्यांच्या धडपडीनंतर मला १९० रुपयांचा तोटा झाला होता.

पुरावाही हातातच होता. रोख शिल्लक २,९१० रुपये आणि मालाचे खरे मूल्य २,९००, एकूण ५,८१०. भांडवल तर सहा हजारांचे. त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. पण जमाखर्च कशासाठी लिहावयाचा, हे त्या रात्री मला जेवढे कळले तेवढे दोन वर्षांच्या तासांना कळले नव्हते. मनात ठेवलेल्या हिशेबात माणूस स्वतःलाच उधारी देत असतो.

त्यानंतर खरेदीची रीत बदलली. दरवर्षी नवी आवृत्ती निघणाऱ्या खेळांचा माल मी नव्या आवृत्तीच्या आधी दोन-तीन महिने घेत नाही. उलट ‘जीटीए ५’ सारखा खेळ प्लेस्टेशन ४ वर २०१४ साली आला असूनही त्याला गिऱ्हाईक मिळते. भाव फार नाही, पण तो एका रात्रीत कोसळतही नाही.

आता माल तपासण्याविषयी. सीडीच्या काळापासून एक घरगुती उपाय चालत आला आहे : ओरखडे पडलेल्या डिस्कवर टूथपेस्ट चोळावयाची. दोनशे रुपयांना घेतलेल्या एका डिस्कवर मी तो करून पाहिला आणि डिस्क कायमची निकामी केली. कारण नंतर वाचले. सीडीमध्ये माहितीचा थर वाचणाऱ्या किरणाच्या बाजूने सुमारे १.२ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटर. प्लेस्टेशन ४ ची डिस्क ब्लू-रे जातीची असते व तिचा थर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटरवर असतो. त्यावर एक कठीण लेप असतो, म्हणून ती सहजासहजी खरचटत नाही. पण एकदा खरचटली की घासून काढण्याइतकी जाडीच तिथे नसते. म्हणून डिस्क पुसावयाची ती मऊ कोरड्या फडक्याने, मध्यापासून कडेकडे, गोलगोल नव्हे. शिवाय प्रत्येक डिस्क यंत्रात घालून खेळ पूर्ण बसतो का व सुरू होतो का, हे पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. विकताना डिस्कच्या दोन्ही बाजू व चालू झालेला पडदा यांचे एक चित्रण करून गिऱ्हाइकाला आधीच धाडतो. त्यामुळे मागाहून वाद उरत नाही.

जाहिरातीत दोष आधी लिहावा, हेही अनुभवाने शिकलो. ‘डब्याला चीर आहे, डिस्कवर कडेला बारीक ओरखडा आहे, खेळ व्यवस्थित चालतो’ असे मी लिहिले तेव्हा धारवाडच्या एका गिऱ्हाइकाने दीडशे रुपये कमी दिले. पण पुढे तेच गिऱ्हाईक आणखी चार वेळा आले. ‘खरेदीदारा, सावध राहा’ हे तत्त्व मालविक्री कायद्यात असले, तरी त्याच्या आडोशाला बसून धंदा एकदाच होतो.

सावध मात्र विक्रेत्यानेही राहावे लागते. एकदा फोनवर एका गृहस्थाने आपण सैन्यात आहोत असे सांगितले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या आमच्या गावात सैनिकावर अविश्वास कोण दाखवील? भाव न करता त्याने किंमत मान्य केली आणि ‘पैसे जमा होण्यासाठी’ एक क्यूआर कोड धाडून माझा पिन घालावयास सांगितले. सुदैवाने मावसभाऊ शेजारी होता. पैसे देताना पिन लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येकाने पाठ करून ठेवावे.

सर्वांत मोठा धडा मिळाला तो नोव्हेंबरमध्ये. शेजारच्या गल्लीतील दहावीच्या एका मुलाने नऊशे रुपयांना एक डिस्क आणून दिली. माल उत्तम होता. हुबळीचे गिऱ्हाईकही बाराशेला ठरले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील दारात उभे. डिस्क मामाने वाढदिवसाला दिलेली, मुलाने घरी न विचारता विकलेली, आणि नऊशेपैकी चारशे खर्चही झालेले. त्यांनी उरलेले पाचशे माझ्यासमोर ठेवले. “नम्म हुडुगंदू तप्पु ऐति,” ते म्हणाले, आमच्या पोराचीही चूक आहे. त्या ‘ही’मध्ये माझी चूक आलीच.

१८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात ठरविले. हा खटला आमच्यापैकी प्रत्येकाने पाठ केला आहे. मी तो सहामाहीत लिहिलाही होता. पण दारात आलेला मुलगा पाहून मला खटला आठवला नाही, तीनशे रुपये नफा तेवढा दिसला. मी डिस्क परत दिली, पाचशे घेतले, आणि चारशे रुपये रोजकीर्दीत तोटा म्हणून मांडले. हुबळीच्या गिऱ्हाइकाची माफी मागितली. तेव्हापासून अठरा वर्षांखालच्या मुलाकडून त्याच्या आई-वडिलांशी बोलल्याशिवाय मी काही घेत नाही. मोठ्या माणसाकडूनही घेताना नाव व फोन वहीत लिहितो आणि शक्य तेव्हा मूळ बिल पाहतो. विकणाऱ्याची जेवढी मालकी तेवढीच घेणाऱ्याला मिळते, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व चोरीच्या मालाच्या बाबतीत फार महाग पडू शकते.

शेवटी कराविषयी, कारण आपल्या भागाला हा मुद्दा विशेष लागू आहे. आपलाच जुना खेळ विकणे हा व्यापार नव्हे. विकण्यासाठी विकत घेणे हा व्यापार. कर्नाटकात राज्यातल्या राज्यात मालाची विक्री करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला वार्षिक उलाढाल चाळीस लाखांवर जाईपर्यंत जीएसटीची नोंदणी सामान्यतः करावी लागत नाही. मात्र करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होते. म्हणजे पाचशे किलोमीटरवरील बंगळूरला मी डिस्क टपालाने धाडू शकतो. पण जेथून मुले बेळगावच्या कॉलेजांत शिकावयास येतात त्या चंदगडला नोंदणीशिवाय धाडू शकत नाही. कोल्हापूरहून व पणजीहून आलेल्या अनेक मागण्या मला नाकाराव्या लागल्या आहेत. धंदा वाढला आणि नोंदणी केली, तर जुन्या मालासाठी एक सवलत आहे : खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर विक्री आणि खरेदी यांच्या फरकावरच कर भरावा लागतो. पण तो दिवस अजून दूर आहे.

मार्चअखेर आजोबांसमोर पुन्हा वही उघडली. सर्व खर्च, निकामी डिस्क, ते चारशे रुपये आणि मालाची घट वजा जाऊन दहा महिन्यांत ५,७४० रुपये नफा राहिला. महिन्याला पावणेसहाशेच्या आसपास. आठवड्याला सहा तास धरले, तर तासाला बावीस रुपये पडतात. शिकवणीत याहून अधिक मिळतात, हे मी लपवीत नाही. शिवाय खेळ उतरवून घेण्याची पद्धत वाढत आहे, त्यामुळे डिस्कांचा हा व्यापार पुढे किती वर्षे टिकेल याचाही भरवसा नाही.

तरीही मी तो चालू ठेवला आहे. ज्यांना सुरू करावयाचा असेल त्यांनी घरखर्चाचे किंवा फीचे पैसे यात घालू नयेत, पहिल्या दिवसापासून वही ठेवावी आणि उधारी देऊ नये. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ ही म्हण आजोबांनी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने मोडीत लिहून दिली आहे. मला मोडी वाचता येत नाही. पण पान उघडले की ती काय म्हणते ते ठाऊक असते.