मुळशी तालुक्यातील वृक्षलागवड : छाटकलम की बीजरोप?

प्रस्तावना

पुणे शहराच्या पश्चिमेस असलेला मुळशी तालुका पिरंगुट-पौडच्या मोकळ्या माळापासून ताम्हिणीच्या घनदाट जंगलापर्यंत पसरला आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना पावसाचे मान कित्येक पटींनी वाढते, तथापि पाऊस कोठेही चार महिन्यांपलीकडे टिकत नाही. उतारावरील पातळ मातीत लावलेल्या रोपास ऑक्टोबरनंतर पुढील मृगापर्यंत स्वतःच्या मुळांवरच जगावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आणि विविध संस्थांकडून होणाऱ्या वृक्षारोपणात कोणते झाड लावावे याची चर्चा पुष्कळ होते. मात्र ते रोप फांदीपासून तयार झाले की बियांपासून, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित प्रश्नाचा विचार केला आहे.

फांदीला मुळे कशी फुटतात?

फांदीचा तुकडा ओलसर मातीत खोचला की त्याच्या खालच्या टोकाशी ऑक्झिन या गटातील संप्रेरके साचतात. सालीखालच्या विभाजनक्षम पेशी त्यामुळे पुन्हा कार्यरत होतात आणि त्यांतून आगंतुक मुळे निघतात. इंडोल ब्युटिरिक आम्लाचा यासाठी होणारा उपयोग 1930च्या दशकापासून ज्ञात आहे. पांगारा, शेर, मोगली एरंड, निर्गुडी यांना अशा औषधाची गरज भासत नाही. शेतकरी पावसाच्या तोंडावर त्यांचे खुंट कुंपणाला रोवतो आणि ते जगतात. बंगल्यांच्या आवारातील जास्वंद, चाफा, बोगनवेल यांचीही अभिवृद्धी याच मार्गाने होते. येथे छाटकलमाला पर्याय शोधण्याचे कारण नाही. फूल हवे तसेच मिळते आणि कुंपण एका हंगामात उभे राहते.

डोंगरउतारावर मात्र वेगळा हिशेब लागू होतो. बीजापासून वाढणाऱ्या बहुतेक वृक्षांत आदिमूळ सरळ खाली जाऊन त्याचे सोटमूळ बनते. फांदीत आदिमूळ नसतेच, म्हणून तिची आगंतुक मुळे प्रामुख्याने वरच्या थरात आडवी पसरतात. मोगली एरंडात हा भेद रोप उपटताच दिसतो : बीजरोपास एक सोटमूळ व सामान्यतः चार बाजूची मुळे असतात, तर छाटकलमास सोटमूळ नसते. गिरिपुष्पाचीही गोष्ट तीच. मध्य अमेरिकेतून आलेला आणि उंदीरमारी या नावानेही ओळखला जाणारा हा वृक्ष पुणे परिसरातील टेकड्यांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर लावला गेला. त्याचे खुंट झटपट फुटतात, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण. शेताच्या बांधावर हिरवळीचे खत देणारे झाड म्हणून त्याची उपयुक्तता वादातीत आहे. पण उतारावर लावावयाचे असल्यास तेही बियांपासून लावणे अधिक शहाणपणाचे.

एकरूपतेचा लाभ आणि तिची किंमत

छाटकलम म्हणजे मूळ झाडाची आनुवंशिक प्रतिकृती. फळबागायतीचा सारा व्यवहार या गुणावर उभा आहे. कोकमात नर व मादी वृक्ष भिन्न असतात आणि बीजरोप फुलावर येईपर्यंत त्याचे लिंग उमगत नाही. अनेक वर्षे सांभाळलेल्या बागेतील निम्मी झाडे नर निघू शकतात. मादी झाडाच्या काडीचे बीजरोपावर मृदुकाष्ठ कलम केल्याने ही अडचण दूर झाली. या पद्धतीत मुळे बीजाची आणि शेंडा निवडलेल्या झाडाचा, असा दोहोंचा लाभ मिळतो.

याच एकरूपतेची दुसरी बाजू डाळिंबाने दाखविली. महाराष्ट्रातील बागा बहुतांशी ‘भगवा’ या एकाच वाणाच्या, गुटी कलमांनी वाढविलेल्या आहेत. जिवाणूजन्य तेल्या रोगाने ग्रासलेल्या बागेतील गुटी नव्या बागेत गेली की रोगही तिच्यासोबत गेला, आणि तेथील प्रत्येक झाड त्यास सारखेच बळी पडणारे होते. बागेस निदान फवारणी आणि राखण असते. जंगलास तीही नसते.

नरक्याचे उदाहरण

सह्याद्रीतील नरक्या हे झाड या विषयाचा पेच नेमका उलगडते. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. 1972 मध्ये ते नरक्यातही आढळल्याची नोंद झाली. या द्रव्यापासून बनविलेली कर्करोगावरील औषधे 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता पावली आणि पश्चिम घाटात नरक्याची बेसुमार तोड झाली.

या द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून शेतात लागवड करावयाची तर अधिक द्रव्य देणाऱ्या झाडाच्या काड्यांपासून रोपे करणे योग्यच. त्यामुळे जंगलावरील भारही हलका होतो. परंतु तीच एकरूप रोपे तोड झालेल्या जंगलात लावली, तर हजार झाडे दिसूनही आनुवंशिकदृष्ट्या तेथे एकच झाड असेल. जंगलासाठी अनेक आणि परस्परांपासून दूर असलेल्या मातृवृक्षांचे बी लागते. एकाच झाडाखालचे पोतेभर बी गोळा करणे सोयीचे असते, पण त्याने हा हेतू अर्धाच साधतो.

बियांची अडचण

बीजरोपांचा आग्रह धरणाऱ्यांनी बियांचा स्वभावही जाणला पाहिजे. जांभळाचे बी सुकवून ठेवता येत नाही. ओलावा गेला की ते मरते. करवंदाचे बीही ताजेच पेरावे लागते. दोन्ही फळे पावसाच्या आगेमागे पिकतात, म्हणजे बी गोळा करणे आणि पेरणे यांत आठवड्याचाही अवधी उरत नाही. जांभळात आणखी एक गंमत आहे : एका बीतून कित्येकदा एकाहून अधिक रोपे निघतात आणि त्यांतील काही मातृवृक्षाच्याच प्रतिकृती असतात. बी पेरले म्हणजे विविधता आपोआप आली, असे सरसकट म्हणता येत नाही.

हिरड्याचे बी टिकते, पण त्याचे कठीण कवच उगवण रोखते. गर काढून, भिजवून पेरले तरी काही आठवडे वाट पाहावी लागते. त्यातच जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बाळहिरडा म्हणून फळे कोवळेपणीच उतरविली जातात. या हिरड्यावर अनेक आदिवासी कुटुंबांचे वर्षाचे गणित अवलंबून असल्याने ती तोडू नयेत असे म्हणणे सोपे नाही. मात्र ज्या झाडावर एकही फळ पक्व होऊ दिले जात नाही, त्या झाडाचे बी रोपवाटिकेस कधीच मिळणार नाही. प्रत्येक रानात काही झाडे बियांसाठी राखणे, आणि ती कोणती हे फळे उतरविणाऱ्यांनीच ठरविणे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. महाविद्यालयांची रोपवाटिका सामान्यतः जूनमध्ये रोपांची मागणी नोंदवते. हिरड्याच्या बियांसाठी ती चौकशी आधीच्या हिवाळ्यात व्हावयास हवी.