पांढऱ्या फडक्याची परीक्षा

दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल बदायर लागतं. तिथल्या लालसर वाळूच्या डोंगराला सगळे ‘बिग रेड’च म्हणतात. उंची शंभरेक मीटर, आणि रंग वाळूच्या कणांवर चढलेल्या लोहाच्या गंजाचा. पायथ्याशी पत्र्याच्या शेडी, शेडींपुढे रांगेनं उभ्या केलेल्या क्वाड. आपण ज्यांना एटीव्ही म्हणतो त्याच या चार गुबगुबीत टायरांच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या गाड्या. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी एटीव्ही यांच्यापुढे शेंबडं पोर. इथं थाट यामाहाच्या रॅप्टर ७००चा. एकच सिलिंडर, पण ६८६ सीसीचा.

अशाच एका शेडीमागच्या गॅरेजात मला सांगली जिल्ह्यातला मिस्त्री भेटला. आखातात येऊन बरीच वर्षं झालेली, बोली मात्र अजून कृष्णाकाठची. हात बसला तो गावाकडे ट्रॅक्टरवर. मी गेलो तेव्हा तो एका रॅप्टरचं सीट काढून बसला होता. मालकाची तक्रार अशी की गाडी ऑइल खाते, चढावर दम टाकते, सायलेन्सरातून निळा धूर सोडते. मिस्त्रीनं फिल्टर उपसला, बोटाला पांढरं सुती फडकं गुंडाळलं आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत घालून आतून फिरवलं. फडकं चहाच्या रंगाचं होऊन बाहेर आलं.

“हाफ इंजिन,” तो म्हणाला. “रिंगा, पिस्टन, बोअर, समदं. आन् कशापायी, तर दोन हॉर्सपॉवरपायी.”

मालकानं केलेला उद्योग जगभर होतो. सीटखाली प्लॅस्टिकचा एक डबा असतो, एअरबॉक्स. त्यात फिल्टर बसतो आणि वर झाकण. झाकणातल्या छोट्या वाटेनं इंजिन श्वास घेतं. ते झाकण फेकायचं, आतला फिल्टर काढून त्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर लावायचा, की आवाज घुमारेदार होतो आणि अॅक्सिलरेटरला गाडी चटकन उठते. हा नुसता भास नसतो. झाकणामुळे हवा खरोखरच अडते, कारण कारखान्याला आवाजाची मर्यादा पाळायची असते आणि पाणीही बाहेर ठेवायचं असतं. मोकळ्या, स्वच्छ हवेत हा बदल चालून जातो. पण बिग रेडच्या पायथ्याशी हवा स्वच्छ नसते, आणि नेमका मागच्या चाकांनी उडवलेला लोट सीटखाली घोटाळत असतो.

इंजिन किती हवा पितं, याचा हिशेब मिस्त्रीच्या पत्र्याच्या टेबलावर खडूनं मांडून पाहिला. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे ३,००० श्वास, प्रत्येक श्वास पाऊण लिटरला थोडा कमी. सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरत नाही हे धरलं, तरी मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा जाते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो. म्हणजे अडीचशे माणसांनी भरलेलं एक मंगल कार्यालय त्या एका नळीतून श्वास घेतंय. समोरचं काही दिसेनासं होतं इतक्या दाट धुळीत घनमीटरला साधारण एक ग्रॅम धूळ असते. फिल्टर तपासणाऱ्या प्रयोगशाळाही याच मापाच्या धुळीचा मारा करतात. पुढच्या गाडीच्या लोटात तासभर चाललात तर फिल्टरच्या दारावर १२० ग्रॅम माती येते. फिल्टरनं शेकडा ९९ अडवली, तर सव्वा ग्रॅम आत गेली. ९७ अडवली, तर साडेतीन ग्रॅमहून जास्त. डब्यावर ‘९७ टक्के’ वाचताना परीक्षेतल्या गुणांसारखं वाटतं, पण इंजिनाला मिळते ती उरलेली तीन टक्के, म्हणजे तिप्पट माती.

आणि ही माती म्हणजे मुख्यतः गारगोटीचा चुरा. खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर गारगोटी सातव्या पायरीवर आहे. काच आणि साधं पोलाद तिच्या खाली. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी काही मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. पाच ते वीस मायक्रॉनचे कण त्या पापुद्र्यात शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. काम हळूहळू होतं, म्हणूनच फसगत होते. चारसहा महिने गाडी झकास पळते, मग एके दिवशी कॉम्प्रेशन उरलेलं नसतं.

इथं मिस्त्रीनं मला एक गोष्ट शिकवली. मी समजत होतो की शत्रू वाळू आहे. तो म्हणाला, “सायेब, गाडी वाळूत मरत न्हाई, वाळूकडं जायच्या रस्त्यावर मरती.” टेकडीवरची वाळू वाऱ्यानं पाखडलेली असते, सुपात धान्य पाखडावं तशी. बारीक भुसा उडून गेलेला, उरतात ते दोनेकशे मायक्रॉनचे गोटीसारखे कण. असा कण जड असतो, फार उंच उडत नाही आणि उडालाच तर साधा फिल्टरही त्याला अडवतो. खरी बारीक पूड असते दोन टेकड्यांमधल्या सपाट, टणक मैदानात आणि गाड्यांनी दळून काढलेल्या कच्च्या वाटांवर. सहारात आणि डकार रॅलीत तिला ‘फेश-फेश’ म्हणतात. वरून पापडासारखी, आत पिठासारखी. चाक पडलं की मैद्याचं पोतं फुटल्यासारखा लोट उठतो.

ट्रॅक्टरवाल्यांना ही पूड फार पूर्वीपासून माहीत आहे. १९१५ साली अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन या ट्रॅक्टर विक्रेत्यानं गिऱ्हाइकाचं इंजिन धुळीनं सारखं बंद पडताना पाहून हवेच्या वाटेवर गाळणी बसवली, आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांवर दिसतं ते ऑइल बाथ त्याच जातीचं. हवा वरून खाली येते, तेलाच्या वाटीवर आपटून उलटी वळते. जड कणांना तेवढं चटकन वळता येत नाही, ते तेलात पडतात. उरलेले वरच्या ओल्या जाळीत अडकतात. मळणीच्या दिवसांत रोज ती वाटी उघडून गाळ काढायचा, हे मिस्त्रीचं पोरवयातलं पहिलं काम. मग क्वाडला तेच का लावत नाही? मी विचारलंही. तो हसला. क्वाड उड्या मारते, आडवी होते; वाटीतलं तेल सरळ इंजिनात जाईल. म्हणून क्वाडला फोम. सच्छिद्र स्पंज, चिकट तेलात भिजवून पिळलेला. हवेला त्याच्या आडव्यातिडव्या बोळांतून वाट काढावी लागते आणि कण भिंतींना चिकटत जातात. स्पंजात कोंडलेलं ऑइल बाथच म्हणा ना. कागदी फिल्टर बारीक धूळ छान पकडतो, पण ओला झाला की गेला; शिवाय आपल्याकडे तो टायरवर आपटून किंवा हवेचा पाइप लावून ‘साफ’ करायची जी खोड आहे, त्यात कागदाला न दिसणारी भोकं पडतात. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो आधीपेक्षा चांगलं गाळतो, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

गाळणी आणि ताकद यांचं हे भांडण आकाशातही झालं आहे. १९४२च्या मार्चमध्ये ‘ईगल’ या विमानवाहू जहाजावरून स्पिटफायर विमानं पहिल्यांदा माल्टाला पोहोचली, तेव्हा त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा भलामोठा फिल्टर लावलेला होता. गालगुंड झाल्यासारखी दिसायची विमानं. धूळ अडायची, पण वेग आणि चढण्याची ताकद दोन्ही घटायची, आणि शत्रूच्या मेसरश्मिटपुढे ते परवडणारं नव्हतं. उपाय निघाला इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर इथल्या ब्रिटिश हवाई दलाच्या दुरुस्ती केंद्रात. तिथल्या लोकांनी लहान, सुबक बाकाचा फिल्टर घडवला, आणि गेलेल्या वेगातला काही परत मिळाला. त्यांनी गाळणी काढून टाकली नाही. तिच्याभोवतीची वाट सुधारली. क्वाडलाही हेच लागू पडतं असं माझं मत आहे, आणि मिस्त्री करतो तेही हेच.

त्याचं पहिलं काम श्वासाची जागा बदलण्याचं. एअरबॉक्सचं झाकण तो ठेवतो, पण त्याला नळी जोडून तिचं तोंड पुढे, हँडलच्या मागे उंचावर आणतो. तिथं चाकांचा लोट कमी आणि इंजिनाची धगही कमी. ही धग लोक विसरतात. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी उतरते, आणि तेवढीच ताकदही. इंजिनाशेजारची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेतो. नळी मात्र आखूड हवी, वळणं सौम्य हवीत, आणि आतून खोबणी असलेली लवचीक नळी शक्यतो नको. व्यास किती? एक सिलिंडर असल्यानं गणित तिरकं आहे. इंजिन चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये श्वास घेतं, बाकी तीन स्ट्रोक नळी गप्प. पन्नास मिलिमीटरच्या नळीत हवेचा सरासरी वेग सेकंदाला सतरा मीटर निघतो, पण प्रत्यक्ष घोट घेताना तो कितीतरी पट होऊ पाहतो. मधला एअरबॉक्स हे धक्के झेलतो, घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखा. डबा फेकणाऱ्याला हेच कळलेलं नसतं की तो नुसतं झाकण नाही, साठाही फेकतोय. मिस्त्री दोन नळ्या लावतो.

दुसरं काम क्षेत्रफळाचं. त्याच डब्यात बसेल तेवढा मोठा फिल्टर घ्यायचा. क्षेत्रफळ दुप्पट झालं की हवेचा फिल्टरमधला वेग निम्मा, अडथळाही जवळपास निम्मा, आणि तीच धूळ दुप्पट जागेत पसरल्यानं फिल्टर तुंबायला दुपटीहून जास्त वेळ. ताकद आणि आयुष्य, दोन्ही हवं असेल तर ते इथंच मिळतं. त्यावर तो कापडी गवसणीही चढवतो, मोठे कण बाहेरच्या बाहेर थोपवायला. नळीच्या तोंडाशी फिरकी मारून जड कण बाहेर फेकणारा प्री-क्लीनर ट्रॅक्टरवर उत्तम. मैद्यासारख्या धुळीत त्याचं फारसं चालत नाही, आणि मंद गतीला तर तो झोपतोच.

तिसरं काम दिसायला किरकोळ, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं. बहुतेक इंजिनं फिल्टरमधून आलेल्या धुळीनं मरत नाहीत. फिल्टरला वळसा घालून आलेल्या धुळीनं मरतात. फिल्टरच्या काठाखाली केसाएवढी फट राहिली, तरी हवा गाळणीची कटकट सोडून तिथूनच घुसते. तो काठाला ग्रीसचं बोट फिरवतो, रबरी बूटची क्लिप पुन्हा आवळतो, एअरबॉक्सच्या तळाच्या पाणी सोडायच्या नळीला बूच आहे का ते पाहतो. क्रँककेसच्या श्वासाची बारकी नळी असते. शंकू फिल्टर लावणारे ती उघडी सोडतात आणि धूळ थेट तेलात. तिलाही बोटाएवढा फिल्टर लागतो.

फोम धुण्याबाबत तो कर्मठ आहे. पेट्रोल नाही, त्यानं सांधे जोडणारा गोंद सुटतो, आणि आगीचं भय निराळंच. घासलेट किंवा खास द्रव, मग साबणाचं पाणी. पिळायचं, मुरगाळायचं नाही. सावलीत पूर्ण वाळवायचं. तेल हातानं मुरवत न्यायचं, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत, आणि जास्तीचं पिळून काढायचं. प्रत्येक गाडीमागे तीन फोम ठेवतो तो: एक गाडीत, एक तेल लावून पिशवीत, एक दोरीवर.

हे सगळं झालं की इंधन. बहुतेक क्वाडवर आत आलेली हवा थेट मोजणारं साधन नसतं. थ्रॉटल किती उघडला आणि दाब किती, यावरून संगणक अंदाज बांधतो. वाट मोकळी केली की अंदाज चुकतो, मिश्रण कोरडं पडतं, इंजिन तापतं, अॅक्सिलरेटर सोडताना सायलेन्सरात फटफट होते. मग इंधनाचा नकाशा बदलावा लागतो; कार्ब्युरेटर असेल तर जेट. मालकानं हेही केलं नव्हतं.

डकार रॅलीत २००९पासून २०२४पर्यंत क्वाडचा वेगळा गट होता. अर्जेंटिनाच्या पात्रोनेल्ली बंधूंनी, मार्कोस आणि अलेहांद्रो यांनी, २०१० ते २०१३ ही चार वर्षं तो आपसांत वाटून घेतला, यामाहाच्याच क्वाडवर. दोन आठवडे, हजारो किलोमीटर. तिथं दिवसाच्या शेवटी जो चालू असतो तोच वेगवान ठरतो.

संध्याकाळी मिस्त्रीनं एक पूर्ण बांधलेली गाडी बाहेर काढली, महिनाभर भाड्यानं फिरलेली. सीट उचललं, फिल्टर काढला. फोम बाहेरून विटकरी, आतून ओलसर निळा, तेलाच्या मूळ रंगाचा. त्यानं नवं फडकं माझ्याच बोटाला गुंडाळलं आणि म्हणाला, “तुमीच बगा.” नळीत बोट फिरवून बाहेर काढलं. फडक्यावर ग्रीसचा एक पुसट डाग होता, बाकी काही नव्हतं. त्यानं ते घडी करून परत खिशात टाकलं.