आजोबांची दुनळी अन् नवे काडतूस : बार उडवण्याआधी हे वाचा

शेती संरक्षणाच्या परवान्यावर अनेक घरांत जुनी १२ बोअरची दुनळी बंदूक आहे. ‘काडतूस आत बसलं म्हणजे चालतं’ हा समज मात्र जिवावर बेतू शकतो.

जुन्या बंदुकीत काडतुसाची जागा बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असते. ७० मिलिमीटरचे काडतूसही तिथे बसते, कारण ही लांबी तोंड उघडलेल्या, उडालेल्या काडतुसाची असते. बार उडताना तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि नळीतला दाब वाढतो.

नळीवर लाटांसारखी नक्षी असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली, बहुधा काळ्या दारूसाठीची. त्यात आतून गंज असेल तर नळी फुटू शकते.

परवानाधारक कारागिराकडून जागेची लांबी आणि नळीची जाडी मोजून घ्या. तोवर बार उडवू नका.