माशाच्या कल्ल्यातून पालकाच्या पानात

गच्चीवर एक टाकी ठेवायची आणि तिच्यात मासे सोडायचे. टाकीच्या वर खडीने भरलेला वाफा बसवून त्यात पालक, पुदिना, टोमॅटो लावायचे. छोट्या पंपाने टाकीतलं पाणी वाफ्यात चढवायचं आणि खडीतून झिरपून पुन्हा टाकीत पडू द्यायचं. माती नाही, शेणखत नाही, युरिया नाही. रोज घालायचं ते फक्त माशांचं खाद्य. आणि तरी पालक असा तरारतो की बघत राहावं! यालाच ॲक्वापोनिक्स म्हणतात.

मग पालकाला खत घातलं कोणी? ‘माशांच्या विष्ठेने’ हे उत्तर चटकन सुचतं. खरी हकीकत त्याहून कितीतरी अजब आहे. खाद्यातल्या नायट्रोजनचा माग काढत गेलो की ती उलगडते.

खाद्यात ३२ टक्के प्रथिनं असली, तर १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ५ ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला थोडा माशाच्या अंगी लागतो. उरलेल्यातला बराचसा अमोनिया होऊन बाहेर पडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून! ज्या नाजूक पडद्यातून प्राणवायू आत येतो, त्याच पडद्यातून अमोनिया पाण्यात जातो.

पण अमोनिया हे विष आहे. पाण्याचा सामू आणि तापमान वाढेल तसं ते अधिकच जहाल होतं. बंद टाकीत मासे स्वतःच्याच अमोनियाने मरायला हवेत. मग ते जगतात कसे?

इथे येतात तुम्ही कधी न आणलेले पाहुणे. पाण्यातून, धुळीतून, माशांच्या अंगावरून काही जिवाणू खडीवर येऊन वस्ती करतात. त्यातले नायट्रोसोमोनास प्राणवायूच्या मदतीने अमोनियाचं नायट्राइट करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. नायट्राइटही घातकच. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि भरपूर हवा असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. पण तेवढ्यात नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू पुढे सरसावतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिल्याच्या चुलीतली राख हेच दुसऱ्याचं सरपण! नायट्रेटचा माशांना फारसा त्रास नाही, आणि पालकाची मुळं ते आनंदाने शोषून घेतात.

हे जिवाणू खातात काय, याचा छडा १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने लावला. या जिवाणूंना सेंद्रिय अन्न लागतच नाही. हिरवं पान कार्बन डायऑक्साइडपासून शरीर घडवतं, तसंच हेही घडवतात. फक्त सूर्यप्रकाशाऐवजी अमोनियाच्या किंवा नायट्राइटच्या जोरावर. खडीच्या अंधारात, उन्हाशिवाय!

पुढे शंभरहून अधिक वर्षं सगळे धरून चालले होते की या दोन पायऱ्या दोन वेगळ्या जिवाणूंच्याच. २०१५ साली दोन शास्त्रज्ञगटांनी असे नायट्रोस्पायरा शोधले, जे दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार करतात. त्यातल्या एका गटाला ते कुठे सापडले? मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीत!

या जिवाणूंना घाई मात्र चालत नाही. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास लागतात. म्हणून नवी टाकी मार्गी लागायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. या काळात टेस्ट किटने पाणी तपासत राहा. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागतो तसं नायट्राइट चढतं. मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्त्या एकामागून एक उभ्या राहताना तुम्ही रंगांत पाहत असता!

हा खेळ मोठ्या प्रमाणावर किती रंगतो, ते कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर दिसलं. गोड्या पाण्याची चणचण असलेल्या या बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, जेम्स रॅकोसी यांनी १९८०च्या दशकापासून हे तंत्र घडवलं. त्यांच्या मोठ्या प्रकल्पात सुमारे १ लाख १० हजार लिटर पाणी फिरत राही आणि २१४ चौरस मीटरवर तरंगत्या तराफ्यांत भाजी पिके. रोज नव्याने घालावं लागणारं पाणी एकूण पाण्याच्या दीड टक्क्याहूनही कमी! त्यातून वर्षाला चार-पाच टन टिलापिया निघे, म्हणजे आपल्याकडची चिलापी. भाजी किती लावायची याचा हिशेब त्यांनी माशांच्या संख्येवर नव्हे, खाद्यावर बसवला: दर चौरस मीटर लागवडीमागे रोज ६० ते १०० ग्रॅम.

आणखी एक नवल ऐका. जिवाणूंच्या कामामुळे पाणी हळूहळू आम्ल होत जातं, म्हणून सामू वर आणावा लागतो. रॅकोसी त्यासाठी कॅल्शियम आणि पोटॅशियमचे हायड्रॉक्साइड आलटून पालटून वापरत. झाडांना हवी असलेली, पण माशांच्या खाद्यातून पुरेशी न मिळणारी द्रव्यं कोणती? कॅल्शियम, पोटॅशियम आणि लोह. म्हणजे सामू सुधारता सुधारता तीनातल्या दोन उणिवा आपोआप भरून निघतात. लोह तेवढं वेगळं द्यायचं.

हे सगळं केवळ टाकीतलं कौतुक नाही. शेतात टाकलेल्या युरियाचाही आधी अमोनिया होतो आणि मग मातीतले असेच जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ज्वारीच्या ताटापासून उसाच्या कांड्यापर्यंत सगळी पिकं त्यांची ऋणी आहेत. म्हणून टाकी मांडाल तेव्हा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी उडून जाऊ द्या, कारण ते या जिवाणूंचा जीव घेतं. सुरुवातीला मासे मोजकेच सोडा आणि खाद्य चिमूटभरच घाला. खडीवरची वस्ती नीट बसली, की मासे आणि पालक दोघांचीही सोय तीच लावते.