आधी दही की आधी विरजण?

दही लावायला विरजण लागते, आणि विरजण म्हणजे दहीच. मग पहिले दही कसे लागले? मुलांचा हा प्रश्न आपल्याला संगणकातही भेटतो.

'ईमॅक्स' हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम. आजचा ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली लिहायला घेतला. त्याचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या 'गिट' या व्यवस्थेत तो २०१४ पासून आहे. तिथून प्रत घेऊन बांधणी करू लागलो, की 'कॉन्फिगर' ही फाइलच सापडत नाही! कारण गिटमध्ये शक्यतो माणसांनी लिहिलेले तेवढेच ठेवतात. यंत्राने बनवता येईल ते आपण बनवायचे. म्हणून आधी 'ऑटोजेन' चालवून ती फाइल तयार करायची. मग 'कॉन्फिगर' आपला संगणक तपासते आणि 'मेक' बांधणी करते.

खरी गंमत पुढेच आहे. ईमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे, तो सी-कंपायलर तयार करतो. बाकीचा बराच भाग लिस्प भाषेत. त्याला जलद रूप देणारा कंपायलरही लिस्पमध्येच लिहिलेला! मग त्याला जलद कोण करणार? तोच. गाभ्याला मूळ लिस्प वाचून चालवता येते, फक्त सावकाश. असा रखडत चालणारा कंपायलर आधी स्वतःला जलद करून घेतो, मग उरलेल्या फाइली हातात घेतो. म्हणूनच पहिली बांधणी वेळ खाते.

पहिले दहीही विरजणाशिवायच लागले असणार. दुधात आपोआप शिरलेले जिवाणू पुरेसे होते.

आणि तो सी-कंपायलर कुठून आला? हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहा.